नऊ नंबर

"अण्णा, हँडल गोल की लांब?" मी विचारलं.

अण्णा दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीत आडवे पडले होते. तोंडात आरसा, कापूस आणि डॉक्टरांची दोन बोटं. त्यांनी फक्त डोळे माझ्याकडे वळवले आणि घशातून एक आवाज काढला.

"गोल?"

पुन्हा तोच आवाज.

"लांब?"

तोही आवाज तसाच. डॉक्टर गोसावी वैतागून म्हणाले, "ओ ताई, ड्रिल चालू आहे माझं."

"तिकडं कपाटांची अख्खी रांग हँडलविना उभी आहे डॉक्टर," मी म्हणाले. "तुमचा एकच दात आहे."

अण्णांनी पोटावरचा हात उचलून हवेत एक लांब रेघ ओढली. म्हणजे लांब. मी कागद आणि पेन त्यांच्या हातात दिलं. त्यांनी छताकडे बघत सही केली. ती माझ्या कागदावर सुरू झाली आणि डॉक्टरांच्या पांढऱ्या ॲप्रनवर संपली.

ही माझी नोकरी होती. नेमणुकीच्या वेळी तिला 'ऑफिस असिस्टंट' म्हणाले होते, पण खरं काम एकच, अण्णा असतील तिथून त्यांची सही आणायची. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत मगदूम मेटल वर्क्स हा स्टीलच्या कपाटांचा कारखाना. सांगली-मिरज भागात तेव्हा लग्न ठरलं की लोक आधी हॉल बघायचे आणि मग मगदूमांचं कपाट. कारखान्याचे मालक भूपाल मगदूम, म्हणजे अण्णा. त्यांच्या सहीशिवाय तिथं स्क्रूसुद्धा फिरत नसे. कपाटाचा रंग, हँडल, कुलूप, आतला आरसा, पॅकिंगचा पुठ्ठा, एवढंच काय, चहात आलं घालायचं की वेलदोडा, सगळ्याला मंजुरी लागायची. मी जैन बस्तीच्या पायरीवर सह्या घेतल्यात, लग्नाच्या पंगतीत घेतल्यात, न्हाव्याच्या दुकानात अर्धी दाढी झालेली असताना घेतल्यात. एकदा एका मयताच्या घरी गाठलं. अण्णांनी भरल्या डोळ्यांनी 'करडा रंग, तीन फळ्या' याखाली सही केली. मी काहीतरी शोकसंदेशाचा कागद फिरवतेय असं समजून शेजारच्या चौघांनीही त्याखाली सह्या करून टाकल्या.

अण्णा आळशी नव्हते आणि वाईट तर मुळीच नव्हते. पत्रा नुसता टिचकी मारून किती जाडीचा ते ओळखायचे. तरुणपणी त्यांचा एक भागीदार होता. त्याच्यावर सगळं सोपवून अण्णा यात्रेला गेले, तर त्यानं मागे पातळ पत्र्याची कपाटं मगदूमांच्या नावानं विकली. सहा महिन्यांत गावोगावच्या नव्या सुनांची कपाटं कंबर मोडल्यासारखी वाकली. अण्णांना बाजारात तोंड दाखवायची चोरी झाली. तेव्हापासून त्यांनी भागीदार ठेवला नाही आणि यात्रेलाही गेले नाहीत.

त्यांचा एकुलता एक मुलगा अभिनंदन इंजिनिअर होता. शेजारच्या केबिनमध्ये बसायचा. त्याची सही चेकवर चालत नव्हती आणि चहापत्तीच्या पुड्यावरही चालत नव्हती. तो बहुतेक वेळ खिडकीतून गोडाऊनकडे बघत असे.

सगळं असंच चालू राहिलं असतं, पण उद्योजकांच्या एका बैठकीत पाइपवाल्या चौगुल्यांनी खिशातून फोन काढला आणि टेबलावर ठेवला. फोनवर त्यांचा सगळा कारखाना दिसत होता. कुठलं मशीन चालू, कुठलं बंद, कोण काम करतोय, कोण तंबाखू मळतोय. "माझी फॅक्टरी माझ्या खिशात," असं म्हणून चौगुल्यांनी फोन परत खिशात टाकला आणि वर हळूच थापटला.

अण्णा त्या दिवशी जेवले नाहीत म्हणे. दुसऱ्या दिवशी आल्या आल्या मला आणि अभिनंदनला बोलावलं.

"आपल्याला पण डिजिटल व्हायचंय."

"कशासाठी, अण्णा?" अभिनंदननं विचारलं.

"कशासाठी म्हणजे? बेळगावच्या होस्टेलची एवढी मोठी ऑर्डर अंगावर आहे, आणि कपाटं बघावं तेव्हा अर्धवट उभी. कोणतरी झोपा काढतंय. मला तो माणूस पाहिजे." मग आवाज खाली आणून म्हणाले, "माझा संशय रंगखात्यावर आहे."

रंगखात्याचा मुख्य मेहबूब शिकलगार. मिशीला पीळ, बोलायला तिखट. कामाला तसा काही फार चपळ नव्हता. तासाला एक चहा आणि चहामागं एक गोष्ट हा त्याचा हिशोब. त्याच्या शेडबाहेर बिनरंगाच्या कपाटांची ही रांग कायम उभी असायची हेही खरं.

पुण्याहून इंद्रनील सोहोनी नावाचा मुलगा आला. अंगावर कंपनीचं नाव छापलेला टी-शर्ट, डोळ्यांत भाबडी चमक. त्यानं आल्याबरोबर फळ्यावर लिहिलं, 'आपण माणसांना दोष देत नाही, आपण अडथळा शोधतो.' अण्णांनी ते वाचलं आणि मान डोलावली. "बरोबर. अडथळा शोधा. दोष मी देतो."

कारखान्यात कामाची ठिकाणं पाडली, त्यांना केंद्र म्हणायचं ठरलं. पत्रा कापणं एक नंबर, तिथून पुढं वाकवणं, वेल्डिंग, घासणं असं करत रंग सहा नंबर, जोडणी सात, पॅकिंग आठ. प्रत्येक केंद्रावर एक टॅब बसवला. काम हातात आलं की हिरवं बटण, काम संपलं की लाल. प्रत्येक केंद्राच्या प्रमुखाचा फोटोही त्यात घातला.

पहिले दिवस नुसती जत्रा होती. वेल्डिंगवाले जाड हातमोजे घालून टॅब दाबायचे, तो ऐकायचा नाही. मग ते कोपरानं दाबायला लागले, मग नाकानं. पत्रा कापणाऱ्या गंगाधरनं एकाच कपाटाचं हिरवं बटण चार वेळा दाबलं आणि संगणकाच्या हिशोबानं त्या दिवशी आमच्याकडे गिऱ्हाइकांपेक्षा जास्त कपाटं झाली. पॅकिंगच्या बायकांनी त्यात नागीण डान्सची गाणी शोधून काढली. काम बाजूला राहिलं आणि बटणं दाबण्यातच निम्मा दिवस जाऊ लागला. शिकलगारनं तर टॅबवर प्लास्टिकची पिशवी चढवली. "रंग उडतोय वं साहेब. मशीन मेलं तर मलाच धरशीला."

इंद्रनील मात्र चिकाटीचा. तो माझ्या टेबलाशी बसून कामाचा नकाशा काढायचा.

"वेल्डिंग झालं की कपाट रंगाला जातं?"

"नाही. रंग ठरल्यावर जातं."

"रंग कोण ठरवतं? गिऱ्हाईक ना?"

"गिऱ्हाईक सांगतं. अण्णा ठरवतात."

"बरं. रंग झाला की हँडल?"

"अण्णांना विचारून."

"मग पॅकिंग?"

"अण्णांनी बघितल्यावर."

त्यानं नकाशा माझ्यासमोर धरला. प्रत्येक बाण एका चौकोनाला वळसा घालून पुढं जात होता. तो म्हणाला, "हेही एक केंद्रच झालं की." आणि शांतपणे त्याला पुढचा नंबर देऊन टाकला. सह्यांचे कागद जाताना आणि येताना माझ्या टेबलावर नोंद करायची, असं मला सांगितलं. मी करत गेले. मला वाटलं, पुण्याचा मुलगा आहे, असतील त्यांच्यात अशा पद्धती.

महिनाभरात गाडी रुळावर आली. हिरवं-लाल सगळ्यांच्या हाताला बसलं. अण्णांनी जाहीर केलं की उद्घाटन थाटात करायचं आणि आकडे पहिल्यांदा त्याच दिवशी, सगळ्यांसमोर बघायचे. "आधी कुणी उघडायचं नाही. नाहीतर मागनं म्हणतील, मालकानं पाहिजे ते दाखवलं."

"अण्णा, एकदा आपण आपले बघून घेऊ या का?" अभिनंदन म्हणाला.

"का? तुला भीती वाटतीय? मला नाही वाटत."

उद्घाटनाला बँकेचे मॅनेजर, बेळगावच्या होस्टेलचे विश्वस्त, स्थानिक पेपरचा वार्ताहर आणि चौगुले. चौगुल्यांना अण्णांनी स्वतः घरी जाऊन आमंत्रण दिलं होतं. कामगार मागे उभे. पुढं भिंतीएवढा पडदा. अण्णांनी नवीन जाकीट घातलं होतं.

नारळ फुटला. अण्णा माइकवर आले. "आजपासून मगदूम मेटलमध्ये लपवाछपवी बंद. मशीनला नातंगोतं नसतं, वशिला नसतो. आमचं काम कुणामुळं अडतंय ते हे मशीन आत्ता तुमच्यासमोर सांगणार. आणि जो अडवत असंल त्याला उद्यापासून सुट्टी. मग तो कितीबी जुना असू दे." असं म्हणताना त्यांनी मागच्या रांगेतल्या शिकलगारकडं बघितलं. शिकलगारनं मिशीला हात लावला आणि काढला. त्याच्या मुलीचं लग्न ठरलेलं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

इंद्रनीलनं कळ दाबली. पडद्यावर खांब उभे राहिले. आठ खांब हिरवे, बुटके, पायरीवर बसलेल्या पोरांसारखे. आणि शेवटचा एक खांब लालभडक, थेट पडद्याच्या वरच्या कडेला जाऊन टेकलेला.

"बघा!" अण्णा ओरडलेच. "सगळे मिळून एवढेसे, आणि हा एकटा बघा! चौगुले, दिसतंय का? कुणीतरी गळाच धरलाय कारखान्याचा! शिकलगार, पुढं या."

शिकलगार जागचा हलला नाही. "अण्णा, रंग सहा नंबर हाय. सहा हिरवा दिसतोय."

अण्णा पडद्याजवळ गेले. बोटानं खांब मोजत शेवटापर्यंत आले. "मग हा नऊ नंबर कोण?"

कारखान्यात आठच केंद्रं, हे पोरासोरांना माहीत होतं. नऊच्या नोंदी कुणाच्या टेबलावर झाल्या ते माझ्या डोक्यात मात्र लख्ख उजेड पडावा तसं आलं. मी इंद्रनीलकडं बघून मान हलवली. नको, नको म्हणून. त्याला वाटलं, मी 'दाखवा' म्हणतेय.

"खांबावर दाबलं की प्रमुखाचा फोटो येतो," तो उत्साहानं म्हणाला आणि दाबलं.

भिंतभर अण्णा आले. समाजाच्या सत्कारातला फोटो होता, फेटा बांधलेला, हसरा. खाली मोठ्या अक्षरात, 'केंद्र नऊ : मंजुरी. एकूण वेळेपैकी सर्वाधिक वेळ येथे.'

माझ्या मागे कुणीतरी खोकलं. बँकेचे मॅनेजर छताचे पंखे बघायला लागले. चौगुल्यांनी बराच वेळ ओठ दाबून धरले, आणि मग त्यांच्या पोटातून जे हसू फुटलं ते शेजारच्या कारखान्यातही ऐकू गेलं असेल.

"सुट्टी उद्यापासून का आजपासून, भूपालराव?" ते डोळे पुसत म्हणाले.

इंद्रनील बिचारा अजून समजावतच होता. "ही खरं तर खूप चांगली बातमी आहे. एकच अडथळा आहे, आणि तो काढायला एक पैसा लागणार नाही..."

अण्णांनी माइक खाली ठेवला. जाकिटाचं वरचं बटण काढलं आणि चालत आपल्या केबिनमध्ये गेले. बुंदीचे लाडू तसेच राहिले. कामगारांनी नंतर खाल्ले, पण गप्प बसून.

दुसऱ्या दिवशी मला वाटलं होतं, टॅब सगळे भंगारात जातील. तसं झालं नाही. वार्ताहरानं 'मगदूम मेटल डिजिटल' अशी बातमी आधीच छापून टाकली होती, फोटोसह. माघार घेणं शक्य नव्हतं. अण्णांनी इंद्रनीलला बोलावलं.

"नऊ नंबर काढून टाक."

"काम अडतंय तिथून काढायचा, की..."

"मशीनमधनं काढून टाक. मालक म्हणजे काय केंद्र असतो काय? मालक मालक असतो."

इंद्रनीलनं काढला. बिल अजून मिळायचं होतं त्याचं. पण नंबर काढला तरी वेळ कुठं जाणार? कपाट वेल्डिंगमधून निघाल्यापासून रंगाला लागेपर्यंत जो वेळ अण्णांच्या सहीसाठी जायचा, तो आता संगणकानं रंगखात्याच्या नावावर टाकला. आठवड्यानं अण्णांनी पडदा उघडायला लावला. सहा नंबर, लालभडक.

"काय म्हणलो होतो मी?" त्यांच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी रया आली. "रंगखातं!"

शिकलगारला बोलावून सांगितलं, या महिन्याअखेर हिशोब घे.

"रंग कुठला मारायचा ते तुम्ही सांगत न्हाईसा," शिकलगार म्हणाला, "आणि उशीर माझा?"

"मी नाही, मशीन सांगतंय."

"मग मशीनलाच मारायला लावा की रंग." त्यानं खांद्यावरचं फडकं टेबलावर टाकलं आणि गेला. दाराबाहेर गेल्यावर मात्र तो भिंतीला टेकून थोडा वेळ उभा राहिला. ते मी बघितलं.

केबिनमध्ये अभिनंदनही होता. "अण्णा, हे बरोबर नाही," तो म्हणाला. एवढ्या वर्षांत मी त्याच्या तोंडून ऐकलेलं ते पहिलं वाक्य, ज्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह नव्हतं.

"तू मध्ये बोलू नको," अण्णा म्हणाले.

दुपारी अभिनंदन डबा घेऊन माझ्या टेबलाशी आला. डबा उघडला, पोळीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरून बसला. "बेळगावचा फोन होता. वेळेत माल नाही मिळाला तर ऑर्डर काढून घेणार म्हणतात. वृंदाताई, आता तुम्हीच सांगा. शिकलगार गेला तर रंग कोण मारणार? आणि अण्णांना कोण सांगणार?"

"अण्णांना सांगून झालंय," मी म्हणाले. "भिंतीएवढं सांगून झालंय. आता न सांगता काय करता येईल ते बघू."

"म्हणजे?"

"अण्णांना सही करायचीय ना? करू दे की. पण कपाटानं कशाला थांबायचं?"

त्याला कळायला थोडा वेळ लागला. मग त्यानं पोळीचा तुकडा खाल्ला.

आम्ही इंद्रनीलला गाठलं. अण्णांसाठी एक खास टॅब करायचा. मोठा, सोनेरी कडेचा. ऑर्डर आली की त्यावर चित्र दिसेल, खाली दोन बटणं, 'मंजूर' आणि 'नामंजूर'. दाबलं की आवाज होईल. आणि गिऱ्हाइकानं जे मागितलं ते अभिनंदन ऑर्डर घेतानाच एकदा भरेल, ते थेट खाली कारखान्यातल्या टॅबवर जाईल. पत्र्याच्या जाडीला तेवढा कुणी हात लावायचा नाही, ती अण्णांनी ठरवलेली तीच.

"पण मग अण्णांचं बटण कशाला जोडायचं?" इंद्रनीलनं विचारलं.

"कशालाच नाही."

"हे प्रोसेसच्या विरुद्ध आहे," तो दुखावून म्हणाला.

"नऊ नंबर गायब केलात तेव्हा प्रोसेस कुठं गेली होती जेवायला?"

तो जरा विचार करून म्हणाला, "मंजुरीची नोंद ठेवतो निदान." तेवढं त्याच्या मनाला बरं वाटलं. खोटं काहीच नव्हतं. मंजुरी व्यवस्थित नोंदवली जाणार होती. फक्त तिची वाट कुणी बघणार नव्हतं.

अभिनंदननं मला विचारलं, "आणि ताई, सही आणायचं काम गेलं की तुमचं काय?"

"ते अण्णांना विचारा," मी म्हणाले. "मंजुरी येईपर्यंत दोन-तीन महिने तरी पगार चालू राहील."

टॅब अण्णांना फार आवडला. त्यांनी पहिली ऑर्डर अंगठ्यानं दाबली. टिंग झालं आणि पडद्यावर अक्षरं आली, 'मंजुरी नोंदवली. धन्यवाद, अण्णा.' त्यांनी आणखी एक दाबली. टिंग. दिवसभर त्यांच्या केबिनमधून देवळासारखा आवाज येत राहिला. आता ते बस्तीत टॅब नेत, पंगतीत नेत. गोसावी डॉक्टरांकडं खुर्चीत पडून त्यांनी डझनभर कपाटं मंजूर केली आणि डॉक्टरांना म्हणाले, "बघा, आता तुमचा त्रास नाही."

आणि कारखाना धावायला लागला. रंगखात्यापुढची रांग आठ-पंधरा दिवसांत वितळली. शिकलगारला चहाच्या गोष्टी मध्येच तोडाव्या लागल्या, त्याचा त्याला फार राग यायचा. महिनाअखेर अण्णांनी पडदा उघडला, सगळे खांब हिरवे. शिकलगारला बोलावून पाठीवर हात ठेवला. "सुधारलास. हिशोब राहू दे. मशीनचा धाक पाहिजेच माणसाला." शिकलगारनं माझ्याकडं बघितलं. त्याला सगळं माहीत होतं. कारखान्यात एका माणसाखेरीज सगळ्यांनाच माहीत होतं. "व्हय अण्णा," तो म्हणाला, "धाक हायच."

बेळगावचा माल वेळेत निघाला. त्या वर्षी उद्योजक संघानं अण्णांना पुरस्कार दिला. सत्काराला उत्तर देताना अण्णा म्हणाले, "लोक मशीन आणतात आणि कामगारांवर सोडून देतात. मी तसं केलं नाही. मी स्वतः बसलो. एकेका कपाटावर माझा अंगठा आहे. मालक डिजिटल झाला तरच कारखाना डिजिटल होतो." टाळ्या पडल्या. चौगुल्यांनीही वाजवल्या, आणि दुसऱ्या दिवशी इंद्रनीलला फोन करून त्याच सोनेरी टॅबची चौकशी केली. पुढं त्या पोरानं अशा टॅबवर पुण्यात फ्लॅट घेतला. मालकांना तो भारी खपतो म्हणायचा.

एकच गोष्ट आम्ही कधी ठरवून घेतली नव्हती. अण्णांनी 'नामंजूर' दाबलं तर काय करायचं? ते सहसा दाबतच नसत. टिंग ऐकायच्या नादात सगळं मंजूर होत होतं. कधीमधी दाबलंच तर अभिनंदन संध्याकाळी नोंदी बघून काहीतरी जुळवून घ्यायचा.

मग माधवनगरच्या एका ब्यूटी पार्लरवाल्या बाईंनी गुलाबी कपाट मागितलं. गुलाबी, वर चंदेरी वेलबुट्टी. अण्णांनी टॅबवर चित्र बघितलं आणि मला हाक मारून ऐकवलं, "मगदूमांचं कपाट गुलाबी? मी जिवंत हाय तोवर नाही." आणि दाबलं. त्या आठवड्यात अभिनंदन बेळगावला होता, होस्टेलच्या दुसऱ्या ऑर्डरसाठी. मला वाटलं त्यानं बघितलं असेल, त्याला वाटलं मी सांगितलं असेल.

गुरुवारी सकाळी अण्णा फिरत फिरत मालाच्या टेम्पोपाशी आले. टेम्पोत चढवायला म्हणून दोन पोरांनी उचललेलं कपाट, गुलाबी.

"खाली ठेवा," अण्णा म्हणाले. "वृंदाला बोलवा."

मी गेले तेव्हा हातातली कामं टाकून सगळे लांबून बघत होते. शिकलगार ब्रश घेऊन शेडच्या दारात उभा. कंप्रेसरसुद्धा कुणीतरी बंद केला होता.

"हे काय आहे?" अण्णांनी विचारलं.

"कपाट, अण्णा."

"रंग?"

"गुलाबी."

"मी काय दाबलं होतं?"

खोटं सांगावं तर नोंद होती, खरं सांगावं तर सगळा कारखानाच सांगावा लागला असता.

"नामंजूर, अण्णा."

त्यांनी मान हलवली. कपाटाभोवती एक चक्कर मारली. पत्र्यावर टिचकी मारून कान दिला. दार उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. आतल्या आरशात त्यांना त्यांचा चेहरा दिसला असणार, कारण ते तिथं जरा जास्तच थांबले. मी मनातल्या मनात वर्षभरातले सगळे टिंग मोजत होते. तेही तेच मोजत असावेत.

"पत्रा आपलाच आहे," ते शेवटी म्हणाले.

"हो अण्णा. जाडी तुमचीच. त्याला कुणी हात लावत नाही."

"बिजागरी?"

"तीच."

त्यांनी दार अलगद लावलं. कुलपाचा खट्‌ आवाज झाला तो त्यांना पटला असावा. पोरांकडं वळून म्हणाले, "बघत काय बसलाय? चढवा. बाई वाट बघत असतील."

मग केबिनकडं चालायला लागले. मी मागोमाग. आता दार लागेल आणि मग खरं काय ते होईल, या तयारीनं. ते खुर्चीत बसले. सोनेरी कडेचा टॅब त्यांनी जवळ ओढला. एक ऑर्डर आली होती. ती त्यांनी नीट वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली, आणि अंगठा टेकवला. टिंग झालं.

"वृंदा."

"अण्णा?"

"ह्याचा आवाज बारीक येतोय. त्या पुण्याच्या पोराला सांग, मोठा कर म्हणावं." त्यांनी दाराकडं बघितलं. बाहेरच्या बाकावर दोन-तीन गिऱ्हाइकं बसली होती. "बाहेर बसलेल्याला ऐकू गेला पाहिजे."